मिक्सिंगचं टेबल मिठबावात आलं तेव्हा

लग्नाचं शूटिंग आमच्या मिठबावात व्हीएचएसच्या काळातच आलं. मिक्सिंग, म्हणजे तेव्हाचं एडिटिंग, यायला पुढे बरीच वर्षं गेली. कॅमेरा गावात आणि टेबल परगावात, असा हा धंदा चालायचा, आणि कमाईचा मोठा वाटा टेबलाकडे जायचा. आज एखादा पोरगा विचारतो, "दादा, एडिटिंगसाठी स्वस्तातलो लॅपटॉप खयचो घेव?" तेव्हा त्याला नुसतं मॉडेलचं नाव सांगून माझं समाधान होत नाही. काय घ्यायचं हे कळायला, आधी काय अडत होतं हे कळावं लागतं.

माझ्या काकांकडे पॅनासॉनिकचा खांद्यावर घ्यायचा एम-७ होता. सोबत हजार वॅटचा सनगन. तो लावला की मांडवातले बाकीचे दिवे मंद व्हायचे. कॅसेट तीन तासांची. हळद, लग्न आणि वरात तिच्यात बसवायचं म्हणजे काकांना कॅमेऱ्यातच निवड करावी लागायची. दशावताराचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ते टिपताना कॅसेट नेमकी युद्धाच्या प्रवेशात बदलावी लागू नये, म्हणून ते आधीच मंडळातल्या माणसांशी बोलून ठेवत.

मिक्सिंगला दोन व्हीसीआर, मधे मिक्सर, दोन टीव्ही एवढं सामान लागे. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर नवी. प्रसंग एकामागोमाग उतरवत जायचे. मागे काही घालायचं राहिलं, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. व्हीएचएसवर आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांचा तपशील राहतो, आणि प्रत्येक प्रतीत तो आणखी घटतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत नवरीच्या शालूचा लाल रंग काठ सोडून बाहेर पसरलेला दिसे.

हे सामान घेण्याची काकांची ऐपत नव्हती. कॅसेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून रात्रीच्या बसने मुंबईला जायच्या. परत यायला महिना-दोन महिने सहज लागत. पावसाळा मधे आला तर आणखी. "लग्नाची कॅसेट कधी गावतली रे?" हे काकांना बाजारात, बस थांब्यावर, देवळात, सगळीकडे ऐकावं लागे.

उशिरापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. मुंबईतल्या मिक्सिंगवाल्याला आमच्याकडची माणसं ठाऊक नव्हती. त्याच्या दृष्टीने देवाला घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे बराच वेळ चाललेला एका म्हाताऱ्याचा आवाज आणि मधूनमधून लोकांचं "व्हय म्हाराजा". ते कापलं जायचं. जात्यावरच्या ओव्या कापल्या जायच्या, कारण त्यावर सिनेमाचं गाणं बसत नसे. बदामाच्या आकारात फिरणारे नवरा-नवरी मात्र भरपूर. मांडवात काय महत्त्वाचं होतं, हे मांडवात नसलेला माणूस ठरवत होता. त्याचा दोष नव्हता. टेबल त्याच्याकडे होतं.

मिनी डीव्हीचं मानक १९९५ साली ठरलं. आमच्या किनाऱ्यावर त्या कॅसेटी रुळल्या त्या नव्या शतकात. या बदलाचं मोल फार मोठं होतं. चित्र आता आकड्यांत होतं, म्हणून कितीही प्रती काढल्या तरी ते विटत नव्हतं. फायरवायरच्या एका बारीक केबलने ते थेट संगणकात उतरायचं. सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पेंटियम ४ आमच्या माजघरात आला, आणि टेबल पहिल्यांदा मिठबावात आलं. गाऱ्हाणं पूर्ण ठेवायचं, हे त्या दिवसांत आम्ही पक्कं केलं. आजही ठेवतो.

तेव्हाची अडचण साठवणीची होती. हार्डडिस्क ८० जीबीची. एक लग्न संपवून पुसल्याशिवाय दुसरं घेता येत नसे. दुसरी अडचण विजेची. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागायचा, आणि भारनियमनात वीज गेली की यूपीएस काही मिनिटं तग धरायचा. रेंडर रात्री लावायचा, पहाटे उठून बघायचं, तर यंत्र बंद. ज्याच्या पोटात बॅटरी आहे असा संगणक हवा, हे आम्हाला कुठल्याही जाहिरातीने शिकवलेलं नाही. पण त्या वेळच्या लॅपटॉपची किंमत एखाद्या चांगल्या कॅमेऱ्याएवढी असायची.

मग २००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ मिळू लागला. कॅसेट गेली, कार्ड आलं. इथे जे बदललं ते लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण साठवलेलं असे. कॅमेरे आता ज्या एच.२६४ आणि एच.२६५ पद्धतींत चित्रण करतात, त्यांत बहुतेक चित्रं अपुरी असतात. दुकानाच्या वहीत रोजची पूर्ण शिल्लक न लिहिता फक्त कालच्यापेक्षा किती कमी-जास्त एवढंच लिहावं, तसं. जागा वाचते, पण मधल्या एका दिवसाची शिल्लक हवी तर मागून सगळी बेरीज करत यावं लागतं. टाइमलाइनवर आपण बोट मागे-पुढे सरकवतो तेव्हा प्रोसेसर हीच बेरीज करत असतो. पूर्वी जागा पुरत नव्हती, आता उलगडण्याचा दम पुरत नाही.

इंटेलने २०११ पासून या उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्येच वेगळी सोय दिली, क्विक सिंक नावाची. म्हणून पोरांना मी आधी कॅमेरा विचारतो. मोबाईल किंवा साध्या कॅमेऱ्याचं ८ बिटचं फोर-के असेल, तर गेल्या तीन-चार वर्षांतला बहुतेक कुठलाही आय-५ किंवा रायझन-५ चालतो. पण कॅमेरा १० बिट, ४:२:२ मध्ये एच.२६५ देणारा असेल, तर गोष्ट बदलते. हे चित्रण इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक्स उलगडतं. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं ते उलगडत नाहीत. दुकानात महागडं कार्ड दाखवतात, आणि त्याच्या शेजारचा कमी किमतीचा इंटेल या एका कामात त्याला मागे टाकतो. कार्डाला अर्थ नाही असं नव्हे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगाचं काम करायचं तर कार्ड हवंच, आणि त्याची मेमरी ६ जीबी असली तर बरं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती २०११ पासून मिळते. सॉफ्टवेअरचे पैसे वाचतात ते रॅममध्ये घालावेत. १६ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि रॅम बोर्डावर कायमची चिकटवलेली नाही, पुढे वाढवता येते, हे विचारून घ्यावं. १०० मेगाबिटचं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, तेव्हा आतली एसएसडी कामापुरती आणि बाकी सगळं बाहेरच्या डिस्कवर, तेही दोन प्रतींत.

स्वस्त लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त काटकसर पडद्यावर होते. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असेल, तर तो पडदा एसआरजीबीचे सगळे रंग दाखवूच शकत नाही. हळद मातकट दिसते, म्हणून आपण ती वाढवतो, आणि नवरीच्या घरच्या टीव्हीवर ती भडक होते. १०० टक्के एसआरजीबीचा पडदा मिळत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आणि दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये आपल्याच कॅमेऱ्याचं चित्रण न्यावं. ते तिथे चालवून बघावं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरचे विजेचे खांब आडवे केले. दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या काळात लॅपटॉप इन्व्हर्टरवर चार्ज करून काम सुरू ठेवता आलं. मात्र बॅटरीवर असताना यंत्र हळू चालतं, म्हणून तेव्हा नुसती कापणी करायची आणि रेंडर चार्जर लावून. तांबळडेगच्या बाजूने येणारा खारा वारा हा वेगळा विषय. पंखा ती हवा आत ओढतो, तांब्या-अॅल्युमिनियमच्या पात्यांवर थर धरतो. समुद्राकडच्या खिडकीत बसून एडिटिंग करू नये, आणि पावसाळ्याआधी-नंतर यंत्र उघडून साफ करवून घ्यावं. ज्या लॅपटॉपचा मागचा पत्रा साध्या स्क्रूंनी निघतो आणि ज्याचे भाग कणकवलीत मिळतात, तो आमच्यासाठी स्वस्त.

लॅपटॉपने मला आणखी एक मोकळीक दिली. टेबल आता मी लग्नघरी नेतो. ओटीवर बसून आजीला दाखवतो, ही कोण, तो कोण, ते ती सांगते आणि त्याप्रमाणे मी ठेवतो.

जुन्या कॅसेटींचं काम मात्र नव्या लॅपटॉपवर होत नाही. फायरवायरचं तोंड आता लॅपटॉपला येत नाही, आणि अॅपलने तर २०२५च्या मॅकओएसमधून त्याचा आधारही काढला. म्हणून आमच्या माजघरातला तो जुना संगणक मी चालू ठेवलाय. आमच्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीला पांढरी बुरशी धरते. ती साफ न करता चालवली तर व्हीसीआरचं हेडही खराब होतं. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढतात. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या चालवून बघू नयेत, तशाच माझ्याकडे आणाव्यात.