मुदपाकखान्यातील पाळी : ख्रिस्ती मठांतील श्रमसाधनेचा इतिहास

रोमन साम्राज्यात अंगमेहनतीची कामे मोठ्या प्रमाणात गुलामांवर सोपवलेली असत आणि कुलीन माणसाला अशा कामाला हात लावावा न लागणे हे त्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. ख्रिस्ती धर्म मात्र सुताराच्या घरी वाढलेल्या येशूचे नाव घेऊन आणि तंबू बनवून पोट भरणाऱ्या प्रेषित पौलाची शिकवण घेऊन याच समाजात पसरला. तरीही रोजच्या कामाला उपासनेशी जोडणारी शिस्त घडायला काही शतके लागली. पश्चिम युरोपात तिला टिकाऊ रूप दिले ते सहाव्या शतकात, इटलीतील मोन्ते कासिनो येथील मठाचा संस्थापक संत बेनेडिक्ट याने लिहिलेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीने.

या नियमावलीने मठवासीयाचा दिवस सामुदायिक प्रार्थना, धर्मग्रंथांचे वाचन आणि हाताचे काम यांत वाटून दिला. तिचे ३५ वे प्रकरण मुदपाकखान्याविषयी आहे. आजारी आणि महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडून प्रत्येकाने आठवड्याच्या पाळीने इतरांची सेवा करावी, दुर्बलांना मदतनीस द्यावेत, पाळी संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करून हातपाय पुसण्याची फडकी धुवावीत आणि येणाऱ्याच्या जोडीने सर्वांचे पाय धुवावेत, असे त्यात सांगितले आहे. भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठावळ्याच्या, म्हणजे मठाची सामग्री सांभाळणाऱ्याच्या, हवाली केली जात व तो ती मोजून पुढच्या पाळीकडे देई. रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर पाळी संपवणारा आणि सुरू करणारा दोघेही प्रार्थनागृहात सर्वांपुढे नमून आपल्यासाठी प्रार्थना मागत, आणि अशा रीतीने भांडी घासण्याच्या कामाचा आरंभ आणि शेवट उपासनेतच होई.

कोठावळ्याने मठाची सारी अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, असे ३१ वे प्रकरण सांगते. तर ५७ वे प्रकरण, आपल्या कौशल्याचा गर्व करणाऱ्या कारागिराला त्या कामावरून दूर करण्याची आज्ञा देते आणि मठात तयार झालेला माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त विकावा, असेही बजावते. कामाचे पावित्र्य कामाच्या प्रकारावर किंवा करणाऱ्याच्या हुशारीवर अवलंबून नाही, ही या नियमांमागची धारणा होती आणि पाळीच्या प्रथेमुळे ती सर्वांच्या अंगवळणी पडत असे.

पुढे या प्रथेला तडा गेला. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने हाताच्या कामाचा नव्याने पुरस्कार केला; पण त्याच पंथात श्रमबंधूंचा, म्हणजे व्रते घेऊनही मुख्यतः शेती व कारागिरी करणाऱ्या आणि बहुधा निरक्षर असलेल्या सेवकांचा, वेगळा वर्ग वाढला. प्रार्थनेच्या गायनाचा भार एका गटावर आणि श्रमांचा मोठा भार दुसऱ्यावर, अशी विभागणी रुळली.

सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स हा अशाच विभागणीतला श्रमबंधू होता. लोरेन प्रांतातला हा माजी सैनिक १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि मनातून नावड असलेल्या मुदपाकखान्यात अनेक वर्षे राबला. नंतर त्याच्याकडे पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम आले. तव्यावरचे ऑम्लेटही ईश्वरप्रेमासाठी उलटावे आणि कामाच्या गलबल्यातही ईश्वराच्या सान्निध्याची जाणीव सुटू देऊ नये, ही त्याची साधना होती. १६९१ मध्ये तो निवर्तल्यावर जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याचे संवाद व पत्रे प्रसिद्ध केली आणि प्रॉटेस्टंट वाचकांनीही ती आपलीशी केली.

लॉरेन्सची साधना थोर आहे, परंतु पाळीच्या प्रथेने जे सर्वांमध्ये वाटले होते, ते त्याला एकट्याच्या अंतःकरणात उभे करावे लागले. श्रमबंधूंना मठाच्या सामूहिक जीवनात अधिक जवळ आणावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले, तेव्हा त्या जुन्या विभागणीतील उणीवच मान्य झाली. राबणाऱ्याला त्याच्या कामाचे पावित्र्य इतरांनी नुसते सांगणे पुरत नाही. सांगणाऱ्यानेही आपल्या पाळीला भांडी घासली पाहिजेत, हा बेनेडिक्टच्या नियमावलीतील सर्वांत मोलाचा विचार आहे.