बंबावरील माणसांचे कौतुक

या व्यासपीठावर आजवर शिवकाल झाला, फ्रेंच राज्यक्रांती झाली, गिरणी कामगारांचे संप झाले. आज आम्ही टेलिव्हिजनवरील एका जुन्या अमेरिकन मालिकेचा इतिहास सांगणार म्हटल्यावर आमच्या काही स्नेह्यांनी नाक मुरडले. युनियनच्या माणसाला असले छंद कधीपासून लागले, असे त्यांस वाटले असावे. परंतु लोकांनी एखाद्या कामकऱ्याचे कौतुक केले म्हणजे त्याच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे. आणि त्याचे उत्तर आम्हांला या मालिकेच्या हकीकतीत जितके स्वच्छ सापडले तितके कोणत्याही सरकारी अहवालात सापडले नाही.

मालिकेचे नाव 'इमर्जन्सी'. हे नाव ऐकून आपणांस १९७५ साल आठवेल, पण त्या आणीबाणीशी हिचा काही संबंध नाही. ही १९७२ च्या जानेवारीत अमेरिकेत एन.बी.सी. या वाहिनीवर सुरू झाली आणि सहा हंगाम, म्हणजे १९७७ पर्यंत, चालली. आपल्या मुंबईचे दूरदर्शन त्याच १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाले, तेव्हा ती तिकडे गाजत असताना आपल्याकडे बहुतेकांच्या घरी पेटीच नव्हती. आम्ही ती पाहिली २०२० च्या टाळेबंदीत. मुलीने संगणकावर एक भाग लावून दिला, आणि आम्ही रात्री दोनपर्यंत बसून राहिलो.

कथा साधी आहे. लॉस एंजेलिस परगण्यातील एक्कावन्न क्रमांकाचा बंबखाना. तेथे गेज आणि डिसोटो नावाचे दोन फायरमन. घंटा वाजते, गाडी निघते; कोणी खांबावर लटकलेला, कोणी यंत्रात हात अडकलेला, कोणाचे हृदय बंद पडलेले. ही दोघे माणसाला उचलून नुसती पळत सुटत नाहीत. रस्त्यावरच बसून रेडिओवरून इस्पितळातील डॉक्टरशी बोलतात, हृदयाचा आलेख तारेवाचून तिकडे पाठवतात, आणि डॉक्टर सांगेल ते औषध शिरेतून देतात. अशा माणसाला तिकडे पॅरामेडिक म्हणतात. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही ते नवलच होते.

याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. साठीच्या दशकात त्या श्रीमंत देशात रुग्णवाहिका म्हणजे काय होते? पुष्कळ गावांत अंत्यविधीचे सामान ठेवणारा दुकानदारच रुग्णवाहिका चालवी. मनुष्य आडवा मावेल एवढी लांब गाडी गावात त्याच्याचकडे असे. रोगी वाटेत गेला तर गाडीवाल्याचे गिऱ्हाईक तुटत नसे, एवढेच आम्ही म्हणतो. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवाल काढला. आदल्या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० माणसे मेली, त्यांपैकी ४९,००० रस्त्यावर. व्हिएतनामच्या रणांगणावर जखमी झालेल्या शिपायाला शहरातल्या रस्त्यावर पडलेल्या नागरिकापेक्षा जगण्याची आशा अधिक, असे तिकडून परतलेल्या तज्ज्ञांचे मत त्यात नमूद आहे.

त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डॉ. पॅन्ट्रिज यांनी हृदयविकाराचे उपचार गाडीत घालून रोग्याच्या दारी नेले. ते पाहून अमेरिकेतील काही शहरांनी प्रयोग केले. लॉस एंजेलिस परगण्यात १९६९ साली फायरमनांचा पहिला वर्ग हार्बर जनरल इस्पितळात शिकून तयार झाला. पण कायदा आडवा आला. डॉक्टर किंवा परिचारिका यांच्यावाचून कोणी सुई टोचायची नाही! म्हणून प्रत्येक फेरीला एक परिचारिका बरोबर न्यावी लागे. अखेर १९७० च्या जुलैत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रेगन यांनी वेडवर्थ-टाउनसेंड कायद्यावर सही केली आणि फायरमनचे हात मोकळे झाले.

आता गंमत पाहा. निर्माते जॅक वेब आणि रॉबर्ट सिनेडर यांनी मालिकेचा पहिला लांब भाग काढला तो या कायद्यावर. भागाचे नावही कायद्याचेच. विधेयक मंजूर होईपर्यंत हाताशी औषध असून देता येत नाही, या पेचावर सगळे नाट्य उभे आहे. आम्ही आयुष्यभर विधेयकांच्या मागे धावलो, कलमे पाठ केली, मोर्चे नेले. पण विधेयकावर रंजक कथा रचता येते हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

पुढे सिनेडर यांनी एक शिस्त पाळली. प्रसंग मनचे घ्यायचे नाहीत, बंबखान्यांच्या रोजनाम्यांतून घ्यायचे. दोन्ही नट पॅरामेडिकांच्या वर्गात जाऊन बसले. बंब चालवणारा इसम तर खराच फायरमन, पडद्यावरही स्वतःच्याच नावाने वावरणारा. बंबखान्यात घुमणारा हाकेचा आवाज परगण्याच्या खऱ्या कर्मचाऱ्याचा. काम करणाऱ्याचे हात कसे हलतात ते ठाऊक असलेल्या माणसाला खोटे काम तात्काळ ओळखू येते. आम्हांला या मालिकेत ते फारसे दिसले नाही. उगाच संगीत मात्र फार वाजते.

प्रेक्षकांनी तिला उचलून धरले. शनिवारी रात्री, समोर दुसऱ्या वाहिनीवर 'ऑल इन द फॅमिली' ही त्या काळची सर्वांत लोकप्रिय मालिका असताना, ही टिकली. मुलांच्या शाळेच्या डब्यांवर गेज आणि डिसोटो यांची चित्रे आली. आणि त्याहून मोठी गोष्ट घडली. गावोगावचे नागरिक आपापल्या नगरपालिकेला विचारू लागले, हे आमच्याकडे का नाही? मालिका सुरू झाली तेव्हा अशी सेवा मायामी, सिएटल, लॉस एंजेलिस अशा बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी होती. १९७३ साली मध्यवर्ती सरकारने तातडीच्या वैद्यकीय सेवेचा कायदा केला, पैसा दिला, आणि दहा वर्षांत ती देशभर पसरली. याचे सगळे श्रेय मालिकेला देणारे लोक आहेत. आम्हांला ते पटत नाही. डॉक्टर झटत होते, अहवाल झाला होता, युद्धावरून शिकून आलेली माणसे होती. पण मागणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मागितलेल्या वस्तूचे चित्र असावे लागते, ते या मालिकेने दिले. मालिका पाहूनच या कामात शिरलो असे सांगणारे पॅरामेडिक तिकडे आजही भेटतात. २००० साली मालिकेतली हेल्मेटे आणि उपकरणे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने मानाने ठेवून घेतली.

येथवर आम्ही खूश होतो. मग मुलीने आणखी एक वाचायला दिले, आणि आमची झोप गेली.

पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तेथे आजाऱ्याला पोलीस आपल्या गाडीत टाकून नेत, वाटेत उपचार शून्य. १९६७ साली तेथे 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा निघाली. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याच्या आधुनिक पद्धतीचे एक जनक डॉ. पीटर साफार हे तिचे शिक्षक. आदल्याच वर्षी त्यांची लहान मुलगी दम्याने गेली होती. विद्यार्थी कोण? ज्यांना कोणी नोकरीवर ठेवणार नाही असे म्हटले जाई, ते त्याच वस्तीतले काळे तरुण. त्यांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण मिळाले. लॉस एंजेलिसच्या फायरमनांचा पहिला वर्ग भरायच्या आधीपासूनच हे लोक रस्त्यावर माणसे वाचवीत होते. १९७४ पासून डॉ. नॅन्सी कॅरोलिन या तरुण बाई त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. देशभर पॅरामेडिकांना शिकवण्याचा अभ्यासक्रम पुढे सरकारने याच बाईंकडून लिहवून घेतला. म्हणजे पडद्यावरचे पाहून जी मुले या कामाकडे वळली, त्यांच्या हाती पडलेला धडा हिल डिस्ट्रिक्टच्या गाड्यांत तयार झाला होता.

आणि फ्रीडम हाउसचे काय झाले? शहराशी तिचा करार होता. नगराध्यक्षांच्या मनात तिच्याविषयी प्रेम नव्हते. १९७५ साली, म्हणजे मालिका ऐन भरात असताना, शहराने स्वतःची रुग्णसेवा काढली आणि ऑक्टोबरात फ्रीडम हाउस बंद झाले. या माणसांना नव्या सेवेत सामावून घ्यावे, असा डॉ. कॅरोलिन यांचा आग्रह होता. घेतले, पण नव्या परीक्षा, नव्या अटी, त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे गोरे वरिष्ठ. एकेक करून बहुतेक गळाले. जॉन मून नावाचे एक गृहस्थ चिवटपणे राहिले आणि पुढे त्या खात्याचे उपप्रमुख झाले.

लॉस एंजेलिसचे फायरमन पडद्यावर आले आणि पिट्सबर्गचे आले नाहीत, याला चित्रपटांची नगरी शेजारी असणे हे कारण आहेच. वर्णाचेही आहे. पण आमची नजर तिसऱ्या गोष्टीवर जाते. फायरमन हे परगण्याचे कायम नोकर होते. त्यांना युनियन होती, निवृत्तिवेतन होते. प्रेक्षकांची वाहवा आली तेव्हा ती ठेवायला त्यांच्याकडे जागा होती. तिच्या बळावर नव्या गाड्या आल्या, नव्या जागा भरल्या. फ्रीडम हाउसच्या माणसांपाशी फक्त करार होता.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या; आम्हीही वाजवली. पुढे काही आठवड्यांनी रुग्णवाहिकेवरचा एक कंत्राटी चालक आमच्या कचेरीत आला. त्याचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. म्हणाला, "भाऊ, थाळी वाजली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. पण किराणावाला थाळी घेत नाही." अर्ज लिहून होईपर्यंत आम्ही त्याला मोबाईलवर या मालिकेचा एक भाग लावून दिला. भाषा त्याला कळत नव्हती, काम कळत होते. स्ट्रेचर जिन्यावरून उतरवतात तो प्रसंग त्याने दोनदा पाहिला आणि "पायाकडचा माणूस बरोबर धरतोय," असे म्हणाला. मग त्याने विचारले, "हे दोघं कायम आहेत का, भाऊ?"

आम्ही म्हटले, "कायम आहेत."

"तरीच," तो म्हणाला, आणि अर्जावर सही करायला पेन मागितले.