म्हणींची सरमिसळ

म्हणींची सरमिसळ : एका म्हणीचा आरंभ दुसरीच्या शेवटाला जोडला जाऊन विनोदी अर्थ निर्माण होण्याचा भाषिक प्रकार. तो बहुधा बोलण्याच्या ओघात नकळत घडतो. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ आणि ‘गाढवाला गुळाची चव काय’ यांतून ‘वासरांत लंगडी गाय, तिला गुळाची चव काय’ अशी नवी म्हण तयार होते. ‘गाय–काय’ हे यमक जुळल्याने चूक चटकन लक्षात येत नाही.

कारणे : अनेक मराठी म्हणी दोन भागांच्या, लयबद्ध असतात व अर्थाने एकमेकींजवळ असतात. म्हणूनच ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यांचे ‘अतिशहाण्याला अंगण वाकडे’ सहज होते.

वऱ्हाडी बोली : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा–डोया, शाळा–शाया, काळा–काया. त्यामुळे ‘गाळ’ आणि ‘गाय’ यांचा उच्चार एकच होतो आणि परक्या श्रोत्याला म्हणीतला शब्द भलताच ऐकू येतो. वऱ्हाडी माणसाची मात्र ही चूक नव्हे. तो त्याच्या बोलीचा नियम आहे. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या ‘काया मातीत मातीत’ या गीताच्या शीर्षकात तो दिसतो. वाघ यांनी वऱ्हाडी म्हणींचा अभ्यासही केला.

तुलना : इंग्रजीत सारख्या ध्वनीचा चुकीचा शब्द वापरण्याला ‘मॅलाप्रॉपिझम’ म्हणतात. हे नाव शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप या पात्रावरून पडले.