चित्र आणि आवाज जुळले कसे

साखरखेर्ड्यात आमच्या गटानं मोबाइलवर फवारणीचं कार्टून पाहिलं. आवाज पुढं, चित्र मागं. औषधाचं माप नेमकं कोणतं, कळेना. मापात चुकलं तर पीक हातचं जातं.

१९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोरच गायल्या. गाणं मागून भरायची सोय तेव्हा नव्हतीच! बोलपटात आवाज फिल्मच्या कडेलाच छापलेला, म्हणून तो चित्रासंगंच चालायचा. इंटरनेटवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांनी येतात. त्यासाठी १९९८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमनं ‘स्माइल’ नावाची संगणकाची भाषा ठरवली. कोणतं चित्र कितव्या सेकंदाला, कोणत्या आवाजाबरोबर, हे तिच्यात लिहायचं. आजच्या व्हिडिओतही तुकड्यातुकड्यावर वेळ टिपलेली असते.

तरी फोन अडखळतोच. तेव्हा माप बाटलीवरच्या लेबलवरूनच घ्या.