कवळे येथील श्रीशांतादुर्गा देवस्थान : स्थलांतर आणि परंपरा
गोव्यातील फोंडा तालुक्यातील कवळे येथील श्रीशांतादुर्गा देवस्थानाचा इतिहास हा मुख्यत्वे स्थलांतराचा इतिहास आहे. देवीचे मूळ स्थान साष्टीतील केळशी हे होय. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात पोर्तुगीज राजवटीने साष्टीतील देवळे उद्ध्वस्त केली. त्या काळात भाविकांनी देवीला जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले. हा प्रदेश तेव्हा आदिलशाहीत होता. हिंदू देवतेला मुस्लिम सत्तेच्या मुलखात आश्रय मिळाला, ही बाब धर्मसंघर्षाच्या सरधोपट चौकटीत बसत नाही.

पुढे छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने १७३८ च्या सुमारास आजचे मंदिर उभे राहिले. १७३९ मध्ये शाहूंनी कवळे गाव देवस्थानास इनाम दिला. १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. परंतु नव्या प्रदेशात त्यांनी धर्माचरणास मोकळीक दिल्याने मंदिर सुरक्षित राहिले.

शिव व विष्णू यांचे युद्ध शमविणारी ती शांतादुर्गा, अशी आख्यायिका आहे. माघातील जत्रेस दूरदूरची कुळे आजही कुलदेवतेच्या दर्शनास येतात. स्थान बदलले, तरी कुळांचे देवीशी असलेले नाते टिकले. या परंपरेचे सातत्य वास्तूपेक्षा या नात्यावर उभे आहे.