बी-फोर कपातले सेकंद

पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात कारखान्यांची नावं ठळक येतात. १९५४ मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग आकुर्डीची बजाज, पुढे टेल्को. रंगात थिनर किती घालायचं हे ठरवणारा माणूस त्यात कुठेच नाही. भोसरी एमआयडीसीत सुट्या भागांचं जॉबवर्क घेणाऱ्या एका पेंट शॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली. माझ्या मते तो माणूस या पट्ट्याच्या इतिहासात यायलाच हवा.

त्याचं हत्यार म्हणजे बी-फोर कप. पितळी किंवा ॲल्युमिनियमचा, बुडाशी छोटंसं भोक असलेला. भोकावर बोट ठेवायचं, रंग काठोकाठ भरायचा, बोट काढून घड्याळ सुरू करायचं आणि सलग धार तुटली की थांबवायचं. स्प्रे गनसाठी साधारण वीस-बावीस सेकंद आले की काम जमलं. जास्त आले तर जॉबवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, म्हणजे ऑरेंज पील येणार, कमी आले तर ओघळ. डिसेंबरच्या सकाळी रंग दाटलेला असे, दुपारी तोच सैल पडे. म्हणून आमचे जुने पेंटर वहीत तारखेसमोर सेकंद लिहीत आणि शेजारी हवा कशी होती तेही.

१९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग मोटारींवर आला आणि आठवडे घेणारं वाळणं तासांवर आलं. त्याच जातीचा रंग आपल्या गॅरेजांत एन.सी. म्हणून रुळला. मोठ्या कारखान्यांत पत्र्याला भट्टीत भाजून पक्का होणारा रंग लागे. बाहेर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मात्र एन.सी.च. हा रंग पावसाळ्यात छळायचा. थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या टाकीवर पांढुरका थर येतो. पेंटर त्याला ‘ब्लशिंग’ म्हणत. सावकाश उडणारं रिटार्डर थोडं मिसळलं की तो टळे. किती मिसळायचं ते ज्याला बरोबर कळे, त्याला जुलैत सगळे शोधत येत.

मग उद्योग चाकणकडे सरकला. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तिथे उभा राहिला. २००७ मध्ये आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबलं. आजच्या मोठ्या पेंट शॉपमध्ये रंग बंद खोलीत ढवळला जातो आणि नळ्यांतून रोबोपर्यंत जातो. पाण्यावरचे रंगही आले. थिनरची वाफ वर्षानुवर्षं छातीत घेतलेल्या माणसाला हा बदल हवाच होता, आणि मीही त्याचं मनापासून स्वागत करतो. पण ढवळणारा हात त्यात गेला.

तो हात मला पुन्हा सापडला निवृत्तीनंतर, स्केल मॉडेलच्या टेबलावर. इटालेरीचं १:९ मापाचं व्हेस्पाचं किट मी रंगवायला घेतलं, कारण बजाजची १९७२ ची चेतक व्हेस्पा स्प्रिंटवरूनच घडली होती. गनचं नोझल १.४ मिलिमीटरचं, एअरब्रशचं ०.३, दाबही वीस पीएसआयच्या आतच. इथे बी-फोर कप कामाचा नाही, कारण सगळा रंगच चमचाभर. एअरब्रशच्या कपाच्या भिंतीवरून रंग दुधासारखा उतरला आणि मागे पातळ पडदा राहिला की पुरे.

मॉडेलवरच्या ॲक्रिलिक रंगाचं हवामानाशी नातं मात्र एन.सी.च्या नेमकं उलट. पाण्यावरच्या ॲक्रिलिकमध्ये रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुईच्या टोकावरच रंग सुकतो आणि नोझल चोक होतं. पावसाळ्यात हाच रंग वाळता वाळत नाही. दुसरा हात घाईने मारला तर ओघळलाच. उन्हाळ्यात रिटार्डरचे थेंब घालायचे, जुलैत हात पातळ ठेवून मध्ये थांबायचं. टामियाचं ॲक्रिलिक असेल तर त्याचं एक्स-२०ए थिनर घ्यावं. त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा रंग सरळ बसतो.

हवा पाहून रंग किती पातळ करायचा, हे ज्ञान आम्हाला कोणत्याही शाळेत शिकवलं गेलं नाही. ते वह्यांत आहे. निगडी, चिंचवड, भोसरीत राहणाऱ्या जुन्या पेंटरांकडे मी त्या मागायला जातो. काही घरांत त्या आधीच रद्दीत गेल्या आहेत. जिथे मिळतात तिथे सेकंद, महिना आणि ‘हवा दमट’ असे शेरे मी जसेच्या तसे उतरवून घेतो आहे. आपल्या घरी अशी वही असेल तर ती जपा. मला पाहायला मिळाली तर फार बरं होईल.