‘ऑप्शनल इंग्लिश’ची भीती आणि तिच्या तारखा

मागच्या लेखात आपण उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागाबद्दल बोललो. त्याच विषयाचं दुसरं टोक आज बघू. तालुक्याच्या गावात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलामुलींना जे वाटतं, ते कुठून आलं? उदाहरणासाठी गाव घेऊ शिरूर अनंतपाळ. पुणे जिल्ह्यातलं शिरूर नव्हे, बीडचं शिरूर कासारही नव्हे, आपल्या लातूर जिल्ह्यातलं.

समजा, तुम्ही तिथल्याच आसपासच्या एखाद्या खेड्यातून आलात. शाळा जिल्हा परिषदेची, माध्यम मराठी. बारावीला इंग्रजीत पास झालात, आणि वर्गातले बरेच जण इंग्रजीतच राहिले, म्हणून हा विषय आपल्याला जमेल असं घरच्यांना वाटलं. प्रवेश अर्जावर मराठी लिहिलं, इतिहास लिहिला आणि तिसरा विषय इंग्रजी. नव्या धोरणात विषयांची नावं बदलली असली, तरी बोलताना लोक अजून ‘ऑप्शनल इंग्लिश’च म्हणतात.

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी कळतात. एक, कम्पल्सरी इंग्लिश वेगळं आणि ऑप्शनल वेगळं. दोन, ‘रोमँटिक’ कवी म्हणजे फक्त प्रेमाच्या कविता लिहिणारे कवी नव्हेत. तीन, सर कविता इंग्रजीत वाचतात, अर्थ मराठीत सांगतात, आणि परीक्षेत उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं असतं. मराठीत कळलेला अर्थ इंग्रजी वाक्यात कसा न्यायचा, हे कुठल्याच तासाला शिकवलं जात नाही. मग गाइड विकत घेतलं जातं, उत्तरं पाठ होतात आणि मनात एक वाक्य पक्कं होतं: हा विषय शहरातल्या मुलांचा, आपण उगीच इथं आलो.

माझं म्हणणं असं की या वाक्याला इतिहास आहे. तुम्हाला वाटणारी लाज बऱ्याच जुन्या निर्णयांमधून तयार झाली आहे, आणि त्या निर्णयांना तारखा आहेत.

हा विषय मुळात कुणासाठी होता?

आपल्याला वाटतं, इंग्रजी साहित्य हा इंग्लंडचा जुना विषय, तिथून तो आपल्याकडे आला. गंमत बघा. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि इंग्रजी पुस्तकं सुरुवातीपासून त्याच्या अभ्यासक्रमात होती. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू व्हायला 1894 साल उजाडलं. केंब्रिजला तर 1917. तिथं तोपर्यंत ग्रीक आणि लॅटिन म्हणजे खरा अभ्यास, असं मानलं जायचं. आपल्या भाषेतल्या कविता वाचण्यासाठी पदवी कशाला, हा त्यांचा प्रश्न होता.

गौरी विश्वनाथन यांनी 1989 साली ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात ही गोष्ट सविस्तर मांडली. थोडक्यात सांगायचं तर, कंपनी सरकारला इथल्या सरकारी शाळांत उघडपणे ख्रिस्ती धर्म शिकवता येत नव्हता, कारण धर्माबाबत तटस्थ राहायचं धोरण होतं. पण प्रजेला ‘नैतिक’ शिक्षण तर द्यायचं होतं. ते काम साहित्याकडे सोपवलं गेलं. शेक्सपिअर आणि मिल्टन वाचून माणूस आपोआप इंग्रजी मूल्यं शिकेल, अशी ती कल्पना.

हेतू काही फार चांगला नव्हता, हे खरंच. पण यातून एक गोष्ट निघते, आणि ती तुमच्या कामाची आहे. वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, हे गृहीत धरूनच इथं हा विषय उभा राहिला. कवी वर्ड्सवर्थचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्सवर्थच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होता. त्याच्यासमोर बसलेली मुलं मराठी, गुजराती बोलणारी होती. म्हणजे घरी इंग्रजी नसलेला विद्यार्थी हा या विषयाचा सगळ्यात जुना विद्यार्थी आहे.

मग आपल्याकडे उशीर का झाला?

तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईचं ठीक आहे, आपलं काय? रास्त प्रश्न आहे.

शिरूर अनंतपाळ तालुका झाला 1999 साली. त्याआधी हा भाग निलंगा तालुक्यात. आणि 1956 पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके होते बीदर जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत होते, त्या काळात इथल्या सरकारदरबारी फारसी होती आणि 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. मराठी ही घरातली, शेतातली, कीर्तनातली भाषा. नोकरी हवी तर उर्दू.

1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. आधुनिक विद्यापीठात सगळे विषय एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून शिकवायचे, हा तो मोठा प्रयोग. इंग्रजी होती, पण एक सक्तीचा विषय म्हणून. इंग्रजी माध्यमातून शिकायचं तर हैदराबादचं निजाम कॉलेज होतं, ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. तिथं बीदर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं पोर किती जाणार?

उस्मानियाची ही रचना नीट बघा. सगळं शिक्षण एका भाषेत, इंग्रजी फक्त एक पेपर. तुमच्या बी.ए.ची रचना याहून फार वेगळी आहे का? फक्त उर्दूच्या जागी मराठी आली. फरक एवढाच की उस्मानियाने भाषांतर हे काम मानलं. त्यासाठी वेगळा विभाग काढला, माणसं नेमली, परिभाषा घडवली. तुमच्या वर्गात तेच काम एकटे सर फळ्यासमोर उभे राहून करतात, आणि ते कमी दर्जाचं समजलं जातं.

मग 17 सप्टेंबर 1948. संस्थान भारतात विलीन झालं आणि थोड्याच काळात उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. आता त्या काळातल्या मराठवाड्यातल्या मुलाचा विचार करा. घरात मराठी, शाळेत उर्दू, कॉलेजात एकदम इंग्रजी. एका आयुष्यात तीन भाषांची अशी उलथापालथ पुण्याच्या मुलाच्या वाट्याला आली नाही.

वर्ग जवळ येत गेला

यानंतरचा इतिहास अंतराचा आहे. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निलंगा तालुका बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ. 1961 ला लातूरला दयानंद, 1970 ला राजर्षी शाहू. 1982 ला लातूर जिल्हा झाला. 1994 साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आलं. पुढे तालुक्यांच्या गावांतही कॉलेजं आली.

म्हणजे पदवीचा वर्ग आधी हैदराबादला होता, मग औरंगाबाद-नांदेडला आला, मग लातूरला, आणि शेवटी एस.टी.ने सकाळी जाऊन दुपारी घरी परतता येईल इतका जवळ. याचा सगळ्यात मोठा फायदा मुलींना झाला. ज्यांना बाहेरगावी ठेवायला घरचे तयार नसतात, त्याही आज ऑप्शनल इंग्लिशच्या वर्गात बसू शकतात.

शाळेतली इंग्रजीही अशीच सरकत आली. तुमच्या वडिलांनी एबीसीडी पाचवीत गिरवली. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, म्हणून तुम्ही बारा वर्षं ती शिकलात. तरी भीती गेली नाही, कारण वर्षं वाढली पण पद्धत तीच राहिली. धडा वाचा, अर्थ लिहून घ्या, प्रश्नोत्तरं पाठ करा. भाषा म्हणून तिच्याशी संबंध आलाच नाही, ती मार्कांपुरती राहिली.

इथल्या मास्तरांनी या विषयाचं काय केलं?

आता त्या भागाकडे येऊ, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मराठवाड्यात इंग्रजी साहित्य शिकलेल्या काही माणसांनी हा विषय भलत्याच कामाला लावला.

म. ना. वानखेडे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. ते अमेरिकेत जाऊन पीएच.डी. करून आले आणि मिलिंदच्या परिसरात त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांबद्दल बोलायला सुरुवात केली. आपल्या अनुभवाचं साहित्य आपणच लिहायचं, हा विचार त्या चर्चांमधून बळकट झाला. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच औरंगाबादेतलं. दलित साहित्याच्या चळवळीत त्याचं स्थान काय, हे तुम्ही मराठीच्या पेपरात शिकालच.

दुसरं नाव तर आपल्या जिल्ह्यातलं. जनार्दन वाघमारे, इंग्रजीचे प्राध्यापक, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. रिचर्ड राइट किंवा जेम्स बॉल्डविन यांना समजून घेण्याचं काम लातूरला बसून, मराठी वाचकासाठी केलं गेलं. भालचंद्र नेमाडेही मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, आणि देशीवादाची मांडणी करणारा हा माणूस इंग्रजीचा प्राध्यापक होता, हे विसरून चालणार नाही.

ज्या विषयातून प्रजेने साहेबाची मूल्यं शिकावीत अशी अपेक्षा होती, त्याच विषयातून या लोकांनी साहेबाच्या जगातले दबलेले आवाज शोधले आणि आपल्या वेशीपर्यंत आणले. हे करायला त्यांचे उच्चार लंडनसारखे असण्याची गरज नव्हती. स्वतःचा प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जाणं तेवढं लागलं.

आणि मग लातूर पॅटर्न

ज्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य इंग्रजीचे प्राध्यापक होते, तिथूनच लातूर पॅटर्न उभा राहिला. त्याने डॉक्टर, इंजिनिअर घडवले, खेड्यातल्या मुलांना राज्याच्या गुणवत्ता यादीत नेलं. ते यश मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण त्याचा एक परिणाम शिरूरच्या बी.ए.च्या वर्गापर्यंत पोचला. जिल्ह्यात हुशारी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असं ठरलं. जो नीटमध्ये राहिला तो आर्ट्‌सला गेला, असं पाहुणे सहज बोलतात. म्हणजे तुमच्या लाजेत इंग्रजीची भीती अर्धीच आहे, उरलेली अर्धी ‘आर्ट्‌सला गेलो’ याची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. पहिली निजामाच्या काळापासून चालत आलेली, दुसरी जेमतेम एका पिढीची.

याचा उपयोग काय?

इतिहास कळला म्हणून इंग्रजी वाक्य आपोआप बरोबर येत नाही. उत्तर इंग्रजीतच लिहायचं आहे आणि ते तुम्हालाच लिहायचं आहे. पण काही गोष्टी नक्की करता येतील.

मराठीतून समजून घ्यायला लाजू नका. आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ या नावाने. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. विंदा करंदीकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांनी ‘राजा लिअर’ केलं. नेमलेलं नाटक आधी मराठीत वाचा, मग मूळ इंग्रजी उघडा. म्हातारा बाप, वाटणी, लेकींचं बोलणं, ही गोष्ट कुठल्याही शेतकरी घरात समजते. एकदा गोष्ट हातात आली की इंग्रजी शब्दांची धास्ती निम्म्यावर येते.

गाइड वापरा, पण शेवटी. आधी कवितेवर स्वतःची पाच वाक्यं लिहा, चुकली तरी चालतील. आणि सरांना मराठीत प्रश्न विचारा. मराठीत विचारलेला चांगला प्रश्न पाठ केलेल्या इंग्रजी उत्तरापेक्षा जास्त शिकवून जातो.

एक छोटं काम आहे, जमलं तर करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, शाळेत कोणती भाषा होती आणि इंग्रजी कितवीत आली. उत्तर एका कागदावर लिहा, खाली आईवडिलांचं लिहा, मग स्वतःचं. तुमच्या घराचा भाषेचा इतिहास चार-पाच ओळींत समोर येईल. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसण्याआधी तुमच्या घराने कुठून कुठवर मजल मारली, हे त्यात दिसेल.

पुढच्या लेखात 1948 नंतर उस्मानियाने माध्यम बदललं, तेव्हा शिक्षकांचं काय झालं, ते बघू.